कवच भारी शे, पन चाल कोठे शे?

१९८७ सालच्या ‘रोबोकॉप’ या इंग्रजी सिनेमाचा नायक म्हणजे अर्धा माणूस, अर्धा यंत्र असा पोलीस. तो वळतो कसा, ते एकदा आवाज बंद करून बघा. आधी मान फिरते. मग क्षणभर काहीच होत नाही. मग धड फिरतं आणि सगळ्यात शेवटी पाय. जड दार बिजागरीवर फिरावं तसं ते वळणं आहे. २०१४ च्या रिमेकमधला नायक पळतो, उंच उडी घेतो, मोटरसायकलवर झुकून वळण घेतो. नवा सूट निर्विवाद देखणा आहे. तरी खानदेशातल्या एखाद्या पारावर बसून हा सिनेमा बघितला, तर शेजारचा म्हातारा दहाव्या मिनिटाला विचारील, “भो, कवच भारी शे, पन चाल कोठे शे?”

त्याचा प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर अभिनयापेक्षा कारागिरीत सापडतं. जुन्या सिनेमाचा सूट रॉब बॉटिनने बनवला. फायबरग्लासचे कडक तुकडे वर, मऊ फोमचे भाग खाली. नायक पीटर वेलरने मोनी याकीम या मूकाभिनयाच्या गुरूकडे आधीपासून तालीम केली होती आणि चपळ, लवचिक अशी चाल ठरवून ठेवली होती. सूट आला उशिरा. पहिल्यांदा अंगावर चढवायलाच दहा-अकरा तास गेले, आणि ठरवलेली चाल त्यात होईचना. चित्रीकरण थांबवून याकीमला बोलावलं आणि सगळ्या हालचाली संथ करून नव्याने बसवल्या. आज आपण जिची नक्कल करतो ती ‘यंत्राची चाल’ म्हणजे न बसणाऱ्या सूटशी केलेली तडजोड आहे.

तडजोडी आणखीही होत्या. पूर्ण सूट घालून गाडीत बसता येईना, म्हणून गाडीतल्या दृश्यांत सूट फक्त कमरेच्या वर. फेकलेल्या चाव्या झेलायच्या तर फोमच्या पंजावरून त्या चेंडूसारख्या उसळायच्या. एवढ्याशा दृश्याला टेकवर टेक गेले. कथा डेट्रॉइटची, पण चित्रीकरण उन्हाळ्यातल्या डॅलसमध्ये. वेलरच्या अंगातून दिवसाला तीनेक पौंड पाणी घामावाटे जात होतं असं सांगतात. पुढे सूटमध्ये गार हवा सोडायची सोय करावी लागली.

२०१४ मध्ये दिग्दर्शक ब्राझीलचे जोसे पाडिल्या, नायक जोएल किनामन. मूळ सिनेमाचा खर्च दीड कोटी डॉलरच्याही आत होता, रिमेकचा दहा कोटींच्या पुढे. सूट अंगाला बसेल असा मापाने बनवला, आणि जे अंगाला जमत नव्हतं ते संगणकाने केलं. अडचण संपली, तशी अडचणीतून आलेली चालही गेली. रिमेक वाईट आहे असं मात्र नाही. त्यातलं एक दृश्य मुळापेक्षाही खोल जातं. डॉक्टर नायकापुढे आरसा धरून सूटचे भाग एकेक करून दूर करतात, आणि उरतं काय, तर डोकं, फुप्फुसं, हृदय आणि एक पंजा. जुन्या सिनेमात त्याला बनवणाऱ्या कंपनीचा अधिकारी वाचलेला हातही तोडून टाकायला सांगतो. नव्यात एक पंजा ठेवतात. त्या पंजाने पुढे आणखी काही केलं असतं तर बरं झालं असतं.

अडचणीतून शैली कशी निघते, यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असलं तरी तिथल्या विनोदी व्हिडिओंवर खानदेशाचंच नाव मिरवतं. शेख नासिर यांनी तिथे ‘शोले’ची नक्कल केली तेव्हा डाकूंना घोडे नव्हते, म्हणून ते सायकलींवरून आले. त्यांच्या ‘सुपरमॅन’चा नायक यंत्रमागावर काम करणारा काटकुळा माणूस होता. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटात ही सगळी खटपट दिसते. सायकल हा घोड्याचा स्वस्त पर्याय होता खरा, पण पडद्यावर आल्यावर कुणालाही घोडा आठवेना.

सातपुड्यात याहून जुना दाखला आहे. अक्कलकुव्याजवळच्या काठी गावच्या होळीत नाचणाऱ्या बावा-बुध्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप असतात, अंगावर ठिपके आणि कमरेला वाळके भोपळे नि घुंगरं. टोप सांभाळायचा म्हणून मान सरळ राहते, कमरेचं ओझं वाजवायचं म्हणून पाय आपटूनच पडतो. नाच शिकवावा लागत नाही, निम्मा नाच पोशाखच करून घेतो. यंत्रमाणसाचा सूट असाच शिवायचा असतो.

समजा, जळगाव-धुळ्याकडच्या पोरांनी हा सिनेमा आपल्या पद्धतीने करायचा ठरवला. जळगावात प्लास्टिकच्या चटया होतात, पीव्हीसी पाइप होतात, ठिबकचं सामान गल्लोगल्ली मिळतं. यंत्रमाणसाला लागतं ते सगळं आहे. फक्त कोणतं प्लास्टिक कशाला चालतं आणि कशाला नाही, हे आधी कळलं पाहिजे.

मुख्य कवच ईव्हीए शीटचं करायचं. चपलांच्या सोलला वापरतात तेच हे फोम. छाती, पाठ, मांड्या, पिंढऱ्यांना ६ मिमी. खांद्याच्या वाट्या नि पट्ट्याला १० मिमी. वरच्या नक्षीला २ मिमी. पूर्ण सूटला वाया जाणारं धरून ५० ते ६० चौरस फूट लागतं. माप घ्यायची सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे नायकाला जुने कपडे घालायचे, वरून स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळायची, तिच्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर द्यायचे, स्केचपेनने सांधे आखायचे आणि कातरून काढायचं. तो उघडलेला साचा म्हणजे तुमचा कागद. प्रत्येक तुकड्याला कडेने अर्धा इंच वाढवून ठेवा, कारण ६ मिमीच्या शीटला गोलाई दिली की आतला घेर कमी होतो. ही वाढ विसरली की छाती अंगावर चढते, पण श्वास घेता येत नाही.

कापायला धारदार कटर, आणि दर दोन-तीन फुटांनी नवं पातं. बोथट पात्याने फोम फाटतो, कड झुरमुळते, मग चिकटवलेली शिवण लांबूनही दिसते. कोन द्यायचा तिथे पातं ४५ अंशांत तिरकं धरायचं. कापून झाल्यावर हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र, फिरवायची. पृष्ठभाग किंचित चमकला की थांबायचं. तेवढ्यात वरची छिद्रं बंद होतात आणि रंग आत पीत नाही. याच वेळी तुकडा मांडीवर किंवा पातेल्यावर दाबून धरला की थंड होताना तोच बाक घेतो.

चिकटवायला चांभारांचं सोल्यूशन. दोन्ही बाजूंना पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचं, बोटाला चिकटेनासं झालं की एका फटक्यात दाबायचं. डब्यावर असंच लिहिलेलं असतं. हे पंधरा मिनिटांचं गणित खानदेशात मे महिन्यात चालत नाही. भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना सोल्यूशनमधला द्राव तीन-चार मिनिटांत उडून जातो, आणि लांब शिवणीचं दुसरं टोक लावेपर्यंत पहिलं मेलेलं असतं. जोडलेलं दिसतं, पण रात्री सोलून निघतं. उपाय साधा आहे. एका वेळी वीतभरच शिवण घ्यायची आणि हे काम सकाळी आठच्या आत उरकायचं. खिडक्या उघड्या हव्यात, कारण हा वास डोक्यात जातो. आणि पेटती विडी लांब.

त्याहून मोठा घात होतो तो चित्रीकरणाच्या दिवशी. सूट बंद गाडीत ठेवून सगळे नाश्त्याला जातात. उन्हात काचा लावून उभ्या गाडीत तापमान ६०-६५ अंशांवर जातं, सोल्यूशन मऊ होतं, हीट गनने दिलेला बाक उलगडायला लागतो. तासाभराने खांद्याची वाटी पापड होऊन बसलेली असते. सूट सावलीत, हवेशीर, टांगूनच न्यायचा; बाजेवर ओली चादर टाकून तिच्याखाली ठेवला तरी चालेल.

ठिबकच्या सामानाची मजा वेगळी. १६ मिमीची लॅटरल, म्हणजे शेतात ओळीने पसरतात ती काळी नळी, ही तयार हायड्रॉलिक नळीच. कोपरामागून, मानेमागून, गुडघ्याच्या बाजूने दोन-दोन नळ्या सोडल्या, टोकांना ग्रोमेट नावाच्या रबरी कड्या नि जॉइनर लावले, बारीक मायक्रोट्यूबची वेटोळी दिली की खांदा एकदम यंत्र दिसायला लागतो. पण लॅटरल पॉलिथिनची असते आणि चटई पॉलिप्रॉपिलीनची. या दोन्हींवर ना सोल्यूशन टिकतं ना रंग, दुसऱ्या दिवशी खपल्या निघतात. म्हणून लॅटरल आहे त्या काळ्या रंगातच ठेवायची आणि ग्रोमेट फोमला भोक पाडून दाबून बसवायचं. चटईची विण पोटाच्या लवचिक भागाला फार शोभते, पण ती शिवून किंवा पॉप रिवेटने लावायची, खाली कापडाची पट्टी देऊन. वेल्क्रोही शिवायचा, पाठीला गोंद लावून मिळतो तो वेल्क्रो घामाने आणि उन्हाने पहिल्याच दिवशी सुटतो. दप्तराची बकलं उत्तम.

रंगाआधी पांढऱ्या फेव्हिकॉलचे, निम्मं पाणी घालून, तीन हात. यावर काळा चकचकीत थर, आणि तो पूर्ण वाळल्यावर चंदेरीचा अगदी हलका फवारा. थेट फोमवर चंदेरी मारली तर ती करडी दिसते, धातूसारखी नाही. कडक लॅकर टाळा, कोपर वाकलं की तडे जातात. दुपारी वारा सुटतो आणि काळ्या मातीची धूळ ओल्या रंगावर बसते, म्हणून रंगही पहाटेच.

आता काळा की चंदेरी, हा वाद. रिमेकमध्ये कंपनीचा मालक चंदेरी सूट बघून काळा करायला सांगतो, म्हणजे तो जास्त लढाऊ दिसेल. काळ्याचा एक खरा फायदा आहे. मागचं दृश्य नंतर संगणकावर बदलता यावं म्हणून लावतात त्या हिरव्या पडद्यापुढे मॅट काळा सूट स्वच्छ कापला जातो, तर चंदेरी सूट पडद्याचा सगळा हिरवा अंगावर घेतो आणि एडिटिंगला बसलात की छातीला भोकं पडतात. पडद्यापासून आठ-दहा फूट लांब उभं केलं तरी कडा हिरवट राहतातच. केळीच्या बागेत तर पडदा न लावताही हेच होतं. पण काळं फोम मे महिन्याच्या उन्हात हाताला चटका देण्याइतकं तापतं, आणि आत जिवंत माणूस असतो. त्यामुळे खानदेशात उन्हात चंदेरीच, हिरवा पडदा नाहीच, आणि जे दाखवायचं ते जागेवर. बंद पडलेल्या जिनिंगची शेड, पत्र्यातून पडणारे कवडसे, कोपऱ्यात कापसाचा चिकटलेला फुफाटा. जुन्या सिनेमातही अखेरची मारामारी पेनसिल्व्हेनियातल्या एका पोलाद कारखान्यात घेतली होती. कारखाने बंद पडलेल्या शहरात कंपनी पोलीस विकत घेते, ही मूळ कथा. तिला जागा शोधायला आपल्याला फार लांब जावं लागणार नाही.

आतल्या माणसाची काळजी ही चैन नव्हे. हवा ४४ अंशांची असेल तर पंखा गार करत नाही, तापलेलीच हवा आत ढकलतो. त्याचा उपयोग फक्त घाम वाळवण्यापुरता. आपल्याकडे हवा कोरडी, घाम झटकन वाळतो, पण फोमच्या आत ती कोरडी हवा पोचतच नाही. म्हणून काखेत, गुडघ्यामागे आणि जांघेत दोन-दोन इंच फट ठेवून तिथे काळं ताणाचं कापड द्यायचं. छातीच्या आत गोठवलेली अर्ध्या लिटरची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवतात. तिचा हिशेब बघा. अर्धा किलो बर्फ वितळताना सुमारे १६७ किलोज्यूल उष्णता घेतो, आणि सूटमध्ये चालणारं शरीर सेकंदाला तीनशेक ज्यूल सोडतं. म्हणजे सगळी उष्णता बाटलीने घेतली तरी नऊ-दहा मिनिटं. तेव्हा वीस मिनिटं सूट, वीस मिनिटं बाहेर कूलरपुढे, आणि प्रत्येक वेळी मीठ-साखरेचं पाणी. पाठीची दोन बकलं सोडली की एका मिनिटात माणूस बाहेर आला पाहिजे. हे चित्रीकरणाआधी घड्याळ लावून दोनदा करून बघा. नायक बडबडायचा थांबला किंवा घाम यायचा थांबला, तर टेक तिथेच सोडायचा.

डोळ्यांपुढची पट्टी २ मिमी ॲक्रिलिकची, आतून भांड्याच्या साबणाचा पातळ हात देऊन कोरड्या फडक्याने पुसलेली, म्हणजे वाफ धरत नाही. वर ४० मिमीचा ५ व्होल्टचा पंखा. लाल पट्टीला पंधरा एलईडी, प्रत्येकी २० मिलिअँपिअर, म्हणजे सगळे मिळून ३००. दहा हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक सहज दिवस काढते. मात्र नुसते दोन-चार दिवे लावले तर काही पॉवर बँका भार नाही असं समजून आपोआप बंद होतात. टेकच्या ऐन मधे डोळे का विझतात, याचं कोडं तिथे असतं. पंखा त्याच बँकेवर लावला की सुटतं. आणि पॉवर बँक उन्हात चार्जिंगला लावू नका, ४५ अंशांवर तिलाही सोसत नाही.

एवढं सगळं करून सूट भरतो साडेचार-पाच किलो. इथेच खरी चूक होते. सूट हलका झाला म्हणून सगळे खूश असतात, आणि पडद्यावर नायक फोमचा माणूस दिसतो. वजन परत घालावं लागतं, पण ते छातीत नाही, घोट्याला. प्रत्येक पायात पाऊण किलो वाळूची पिशवी, आणि बुटाखाली एक इंच जाडीची लाकडी फळी. फळीमुळे टाच आधी पडते आणि पाऊल मुडपत नाही. वाळूमुळे पाय उचलायला अर्धा क्षण उशीर होतो. मोबाइलवर मिनिटाला साठ ठोक्यांचा ठेका लावून आठवडाभर चालायचं. वळताना मान, थांबा, धड, थांबा, पाय. गुडघ्यामागची चटई थोडी जास्त कडक ठेवली तर आणखी बरं. नायक कुरकुर करील, करू द्या.

जुन्या सिनेमातला तो दोन पायांचा अजस्र यंत्रपोलीस, ईडी-२०९, फिल टिपेटने स्टॉप मोशनने, म्हणजे बाहुली थोडी थोडी हलवून एकेक चित्र टिपत, हलवला होता. रिमेकमध्ये तो संगणकाचा आहे आणि लक्षात राहत नाही. मोबाइलवर हे काम घरी होतं. सेकंदाला १२ फोटो, दहा सेकंदांना १२०. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करायचे, मोबाइल वाळूच्या पिशवीत रुतवायचा, बटण दाबायला हेडफोनची कळ वापरायची. आपल्याकडे घात करतो तो व्होल्टेज. संध्याकाळी गिरणी सुरू झाली की बल्ब मंदावतो आणि पडद्यावर यंत्र लुकलुकतं. दिवे इन्व्हर्टरच्या बॅटरीवर घ्यायचे, खिडकीला गोधडी लावायची, शटर १/५० किंवा १/१०० वर. फार गुळगुळीत करायच्या भानगडीत पडू नका. टिपेटचं यंत्र किंचित अडखळतं म्हणूनच त्याची भीती वाटते.

राहिली ओळख. जुन्या सिनेमात नायकाची स्मृती पुसलेली असते, पण पिस्तूल म्यानात घालण्याआधी बोटावर फिरवायची लकब उरते, मुलासाठी शिकलेली. पोलिसातली सहकारी त्यावरून त्याला ओळखते. रिमेकमध्ये नायकाला सुरुवातीपासून सगळं आठवतं, नंतर औषधाने भावना बंद करतात, त्यामुळे शोधायला काही राहत नाही. खानदेशी रूपात पिस्तूल फिरवणं खोटं दिसेल. त्याऐवजी पहाऱ्यावर उभ्या यंत्रमाणसाचा अंगठा डाव्या तळव्यावर घासू लागतो, मग उजव्या हाताची थाप. तळव्यात तंबाखू नाही, चुना नाही, नुसती मळण्याची सवय. तेवढ्यासाठी हातमोज्याचा अंगठा आणि तळवा २ मिमीचाच ठेवायचा. ६ मिमीत अंगठा वळत नाही. तंबाखू दिसली नाही तरी खाली इशाऱ्याची ओळ द्यावी लागेल का, हा वाद होईल तो होऊ द्यावा.

आणि बोली. घरी अहिराणी बोलणारा हवालदार यंत्र झाल्यावर स्टेशनवरच्या सूचनेसारखं छापील मराठी बोलतो, “कृपया मागे व्हा, आपणास ताब्यात घेण्यात येत आहे.” शिरस्त्राणात माइक लावू नका, हंड्यात बोलल्यासारखं घुमतं. ही वाक्यं वेगळी, गोधडीखाली बसून, एका पट्टीत रेकॉर्ड करायची आणि शब्दांमधले सगळे श्वास कापून टाकायचे. आवाजावर इफेक्ट लावावाच लागत नाही. पाऊण सिनेमा असाच जाऊ द्यायचा. मग रिकाम्या घराच्या ओट्यावर उभा राहून तो विचारतो, “मना पोऱ्या कोठे शे?” ही ओळ मात्र जागेवर घ्यायची, शिरस्त्राण काढून, चाळीस पावलं चालून आल्यावर लगेच, आणि तिच्यातला श्वास कापायचा नाही.